सातव्या घराची ऊब

मीरसेले, १८ ऑक्टोबर

आल्फहिल्ड,

नाताळच्या कार्डाशिवाय आपण एकमेकींना काही पाठवत नाही, आणि नाताळ अजून लांब आहे. तरी हे पत्र पुरं वाच. एका गोष्टीला तुझा होकार हवाय आणि तू फोन उचलत नाहीस.

गेल्या हिवाळ्यात गावातल्या तीन घरांचे नळ फुटले. मार्चमध्ये हाल्वारच्या बंद घराच्या स्वयंपाकघरात गेले तर जमिनीवर बर्फाची लादी, आणि त्यात त्याच्या बायकोची एक सपात गोठून बसलेली. ती जाऊन किती वर्षं झाली! कोणत्या कपाटाखालून वाहत बाहेर आली कोण जाणे. मी किटलीतलं गरम पाणी ओतून ती सोडवली.

आता इथे राहणारी मी एकटीच. बाकी सात घरं बंद, सातही किल्ल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यांवर. मालक लोक उन्हाळ्यात येणार, माशा मारणार, मिडसमरच्या सणाचा खांब उभारणार आणि म्हणणार, ‘तोरबोर्ग, नळाला पाणी का नाही?’ म्हणून यंदा काहीतरी करायचं ठरवलं. योर्मा आठवतो का? रेडिओ दुरुस्त करायचा तो फिनलंडवाला. आता निवृत्त आहे, पण हात स्वस्थ बसत नाहीत. तो म्हणाला, प्रत्येक घरात पंपाची कोठी गरम राहिली की पुरे, बाकीचं घर गोठलं तर गोठू दे.

“मग हीटर लाव ना सरळ,” मी म्हटलं.

“हीटर नुसता तापतो,” तो म्हणाला. “माझं यंत्र तापतं, आणि तापता तापता कामही करतं. वीज तेवढीच.”

काम असं, की विद्यापीठातल्या संशोधकांना अफाट आकडेमोड करायची असते, तेवढी यंत्रं त्यांच्याकडे नसतात. म्हणून जगभरातले लोक आपापली यंत्रं त्यांना फुकट वापरायला देतात. यंत्र इंटरनेटवरून कामाचा एक तुकडा उचलतं, सोडवतं, परत पाठवतं, पुढचा घेतं. शरीरातली प्रथिनं घड्या कशा घालतात याचा तो हिशेब असतो म्हणे.

“घड्या? चादरीसारख्या?”

“चादरीची घडी चुकली तर कपाट विस्कटतं,” योर्मा म्हणाला. “ही चुकली तर माणूस विस्कटतो. तुमच्या हाल्वारला विसरायला झालंय ते त्यातलंच.”

आमच्या गावचा बर्फ काढायला नगरपालिकेला फुरसत नाही, पण इंटरनेटचं फायबर मात्र दारोदार आलंय. तेव्हा ती अडचण नाही. सहा मालकांनी होकार दिलाय. सातवं घर तुझं. लावू का?

तोरबोर्ग

६ नोव्हेंबर

आल्फहिल्ड,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन वाक्यं. ‘माझ्या घरात काही लावू नकोस. ते थंडच राहू दे.’ बरं. तुझं घर, तुझी मर्जी. नळ फुटला तर माझ्या नावाने ओरडू नकोस, एवढंच.

बाकीच्यांची तयारी जोरात चालू आहे. सगळा घोळ ग्राफिक्स कार्डांचा होता. यंत्रातली ऊब आणि काम, दोन्ही त्या कार्डातून. योर्माने पहिलं कार्ड आणलं ते नाताळच्या हॅमएवढं! तीन पंखे, वर विजेच्या दोन जाड वेगळ्या तारा. हाल्वारच्या पंपाच्या कोठीत ते संगणकाच्या पेटीसकट ठेवलं तर कोठीचं दार लागेना. दार उघडं ठेवून चालू केलं, मी तिकडे कॉफी ठेवली, आणि तड्! त्याच्या वडिलांच्या काळातला चिनीमातीचा फ्यूज उडाला. आम्ही अंधारात उभे.

“घर म्हातारं आहे,” योर्मा म्हणाला. “त्याला जड घास चालत नाही.”

मग तीन लहान कार्डं माझ्या टेबलावर मांडून बसलो, जशी आपण मासळी निवडायचो तशी. एक बिनपंख्याचं, नुसतं लोखंडी कंगव्यासारखं. मला ते आवडलं, आवाज नाही ना. पण योर्मा म्हणाला, बंद कोठीत ते स्वतःच भाजून निघेल. दुसरं पावाच्या कापाएवढं पातळ, अर्ध्या उंचीचं, त्याचा इवलासा पंखा डासासारखा किणकिणत होता. तिसरं माझ्या मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढंच लांब, दोन पंखे, वेगळी तार नाही, जिथे खोचायचं तिथूनच वीज घेतं. आवाज म्हणजे झोपलेल्या माणसाचा श्वास.

“याच्याहून जास्त ऊब देणारं नाही का?” मी विचारलं.

“अगं, जेवढी वीज पितं तेवढी सगळी शेवटी ऊबच होते. तेव्हा त्याच विजेत जे जास्त काम करतं ते घ्यायचं. तुला ऊब हवी, मला काम. भांडण कशाला?”

तर तिसरं ठरलं. पण योर्माने माझं न ऐकता आधीच सात मागवली होती. एक उरलंय, माझ्या ब्रेडच्या डब्यावर पडून आहे.

तुझ्या दोन वाक्यांचा मी विचार करतेय. तुझा वाल्तेर तळ्यावर बर्फाखालची जाळी बघायला गेला आणि फक्त त्याची बर्फावरची ढकलगाडी सापडली, त्यानंतर तू दोन हिवाळे चूल विझू दिली नाहीस. येऊन बसायचीस तरी लक्ष तिकडे, लाकूड घालायला पळायचीस. आणि मग एका सकाळी राख काढलीस, कुलूप लावलंस, किल्ली माझ्या टपालपेटीत टाकलीस आणि बसमध्ये बसलीस. मी त्या वेळी तुला काय काय लिहिलं ते तुझ्याकडे असेलच. पुन्हा लिहीत नाही.

तोरबोर्ग

१३ डिसेंबर

आल्फहिल्ड,

आज लुसियाचा सण. गाणी म्हणायला कोणी नाही, म्हणून केशराचे पाव एकटीने खाल्ले आणि प्रत्येक घराच्या खिडकीत कागदी ताऱ्याचा दिवा लावून आले. तुझ्या सोडून.

यंत्रं छान चालली आहेत. माझ्या स्वयंपाकघरातल्या पडद्यावर सहा घरांचं तापमान दिसतं, कोणत्या यंत्राचं काम कुठवर आलं तेही. बाहेर उणे अठ्ठावीस असताना हाल्वारची कोठी चक्क उबदार. सकाळी कॉफी घेऊन पडद्यासमोर बसते आणि वाटतं, सगळे उठलेत.

पण घरं ऊब मिळाल्यावर बदलतात गं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लाकूड वाळतं, सैल होतं, मग माडीवर पाय वाजल्यासारखं होतं. हाल्वारच्या खिडकीवरच्या माशा जाग्या होऊन काचेवर फिरतात. भर डिसेंबरात! शाळामास्तरांच्या घरात त्यांच्या पाइपच्या तंबाखूचा वास येतो. कालच ओढल्यासारखा. योर्मा म्हणतो, भिंतींत मुरलेलं असतं, गरम झालं की सुटतं. असेल.

एका गोष्टीला मात्र भिंतींचं कारण पुरत नाही. परवा वृद्धाश्रमातून फोन आला, हाल्वारला माझ्याशी बोलायचं होतं. तुला माहीत नसेल, तो आता मुलांनाही ओळखत नाही. पण मला म्हणाला, “तोरबोर्ग, माझ्या पंपाच्या कोठीत काय ठेवलंयस गं? गुणगुणतंय.”

मी विचारलं, “तुला कोणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? मी काय बहिरा आहे?” असं म्हणाला आणि हसला. “असू दे पण. पाय गरम राहतात.”

त्याच्या मुलाला विचारलं. तो म्हणतो, बाबांशी आम्ही यातलं काही बोललोच नाही.

तू हे वाचून घाबरू नकोस. मी नाही घाबरले. आपली आजी म्हणायची ते आठवतं? चूल पेटती असली की गेलेल्याला वाट सापडते. ती हे मुलांना झोपवायला सांगायची की जागं ठेवायला, मला कधी कळलं नाही.

नाताळच्या शुभेच्छा आताच देते, म्हणजे कार्ड वेगळं नको.

तोरबोर्ग

९ जानेवारी

आल्फहिल्ड,

तुझ्या घराभोवती पावलं आहेत.

नवीन बर्फ पडून थांबला, सकाळी उजाडल्यावर मी फिरायला निघाले, तेव्हा दिसली. बुटांची. तळ्याच्या बाजूने आलेली. बाकी सहा घरांकडे वळून पाहिलेलंही नाही, सरळ तुझ्या अंगणात. मग घराभोवती फेरे. एक नाही, अनेक, इतके की पायवाट पडलीय. पायरीपाशी थांबलेली, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थांबलेली, मागच्या दाराशी खूप वेळ थांबलेली असावीत, तिथला बर्फ घट्ट झालाय. आणि परत तळ्याकडे.

मी योर्माला बोलावलं. तो काठी टेकत सगळं बघत फिरला.

“स्नो-स्कूटरवाला कोणी वाट चुकला असेल,” तो म्हणाला.

“स्कूटर कुठाय मग?”

“ठेवली असेल तळ्यावर.”

“आणि सहा घरांत दिवे असताना अंधाऱ्या घराची दारं कशाला चाचपेल?”

“तोरबोर्ग,” तो म्हणाला, “मी कार्डं निवडून देतो. पावलांचं मला विचारू नकोस.”

आम्ही कुलूप काढून आत गेलो. आत बाहेरच्यापेक्षा थंड. तुझी चूल, तुझा पडदा, टेबलावर मेणकापड. भिंतींवर आतून हिम चढलंय, दिव्याच्या उजेडात साखरेसारखं चमकतं. कोणी आलेलं नाही. योर्माचा श्वास ढगासारखा बाहेर येत होता आणि तो म्हणाला, “हे घर नाही, ही विहीर आहे.”

त्यानंतर बर्फ पडला की पावलं येतात. मला ती आता ओळखू येतात. डाव्या पावलाची टाच बाहेर वळलेली आहे. याहून जास्त लिहीत नाही, तुला कळेल.

तोरबोर्ग

२ फेब्रुवारी

आल्फहिल्ड,

तू उत्तर दिलं नाहीस. फोनही केला नाहीस. म्हणून आता सरळ सांगते. मी तुझ्या घरात यंत्र लावलं.

मागच्या पत्रात सांगायचं टाळलं नव्हतं, तेव्हा लावलेलंच नव्हतं. पण नंतर पारा उणे पस्तीसला गेला. तशा थंडीत सकाळी मी खिडकीतून बघितलं तर नवीन पावलं, नेहमीपेक्षा जास्त फेरे, आणि जवळ गेले तर तुझ्या मागच्या दाराच्या फळीवर, कडीच्या खाली, हिमात हाताचा पंजा. आल्फहिल्ड, आपण त्या थंडीत कुत्र्यालाही बाहेर ठेवलं नसतं.

ब्रेडच्या डब्यावरचं कार्ड घेतलं. योर्माला यायला रस्ता बंद होता. त्याने फोनवरून सांगितलं आणि मी स्वतः बसवलं, त्याची एक जुनी पेटी माझ्याकडे होती. चिमुकलं आहे म्हणून बरं, हातमोजे घालूनही खोचता आलं. तुझा फ्यूज परत बसवला. पंखे फिरले, पेटीवरचा दिवा लागला, पहिला तुकडा आला. मी तुझ्या मोरीच्या कठड्यावर बसून राहिले, जमिनीच्या फळ्या वाजेपर्यंत. म्हणजे लाकूड सैल होईपर्यंत. मग दाराला कुलूप न लावता घरी आले.

दुसऱ्या सकाळी पावलं एकच ओळ होती. तळ्यावरून आलेली, फेरे नाहीत, सरळ पायरीपर्यंत. परत गेलेली नाहीत.

मी आत गेले. कोणी नव्हतं. नीट ऐक, मी सगळ्या खोल्या बघितल्या, तळघरही. कोणी नव्हतं. पंपाच्या कोठीसमोर जमिनीवर वितळलेल्या बर्फाची दोन थारोळी होती, शेजारी शेजारी, माणूस खुर्चीवर बसून बूट शेकतो तशी. खुर्ची तिथे ओढलेली होती. ती मी नव्हती ओढली.

मी रडले. भीतीने नाही. मला एवढंच वाटलं, बिचाऱ्याचे पाय शेवटी सुकले.

तुला न विचारता केलं हे खरं. शिव्या द्यायच्या तर इथे येऊन दे.

तोरबोर्ग

११ मार्च

आल्फहिल्ड,

पोचलीस का नीट? बस उशिरा होती म्हणून पुढची गाडी चुकली नाही ना?

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. बसमधून उतरलीस तेव्हा आधी ओळखलंच नाही, तुझे केस इतके पांढरे झालेत. आणि तू मला बघून पहिलं वाक्य काय बोललीस तर, “तुझी टोपी अजून तीच?” मी शिव्यांची तयारी करून आले होते. टोपीची नव्हती केली.

तू त्या घरात एकटी राहिलीस ते तीन दिवस मी आले नाही, कारण तू नको म्हणालीस. चुलीचा धूर दिसत होता तेवढ्यावर समाधान मानलं. तुम्ही काय बोललात, बोललात की नाही, हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. पण जायच्या सकाळी तू माझ्या टेबलापाशी उभी राहून हातपिशवी उघडलीस आणि त्यात रुमाल, चष्म्याची डबी आणि ते कार्ड होतं.

“काढलंस होय,” मी म्हटलं. “रागावलीस.”

“नाही गं.”

“मग बंद का केलंस? त्याला परत...”

“तोरबोर्ग, मी ते थंड ठेवलं ते त्याला बाहेर ठेवायला नाही,” तू म्हणालीस. “मला वाटलं होतं, इथे ऊब नसली की तो मी जिथे असेन तिथे येईल. तो इथेच हिंडत बसला. मठ्ठ होता, तुला माहीत आहे. त्याला कोणीतरी दाखवायला हवं.”

मग तू पिशवी बंद केलीस आणि म्हणालीस, “योर्माला विचार, हे कोणत्या पेटीत बसतं. फ्लॅटमध्ये जागा कमी आहे.”

आणि मी एवढी वर्षं समजत होते की तू त्याला सोडून गेलीस.

तुझी बस गेल्यावर मी घर बंद करायला गेले. आदल्या संध्याकाळचा बर्फ होता, त्यावर तुझी पावलं पायरीपासून रस्त्यापर्यंत. त्यांच्या बाजूने दुसरी. डावी टाच बाहेर. मी त्यांच्यामागून चालत गेले. वेग तुझ्याइतकाच, जिथे तू पिशवी दुसऱ्या हातात घ्यायला थांबलीस तिथे तीही थांबलेली. बसथांब्यापाशी, जिथे बसचं दार उघडतं, तिथे दोन्ही संपली.

तिकीट काढलं होतंस ना त्याचं? गंमत करतेय.

योर्माने पेटीचं नाव वेगळ्या कागदावर लिहून दिलंय, सोबत पाठवते. तुमच्याकडच्या दुकानात मिळेल म्हणतो. म्हणाला, “तिला सांग, हवा खेळायला मागे वीतभर जागा सोड.” 

तुझी,
तोरबोर्ग

२९ ऑक्टोबर

प्रिय आल्फहिल्ड,

तुझं पत्र तीनदा वाचलं, मग योर्मालाही वाचून दाखवलं. रागावू नकोस, मला एकटीला ते पेलवेना.

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईला तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस. तिने विचारलं म्हणे, “तुमच्याकडे पाहुणे आलेत का? रोज सकाळी जिन्यात कोणीतरी आमच्या कुत्र्याशी गप्पा मारतं. पुरुषाचा आवाज, उत्तरेकडची बोली. फार गोड बोलतात. पण दार उघडलं की कोणी नसतं, कुत्रा शेपूट हलवत बसलेला.” मी असते तर खाली बसले असते पायरीवर. तू “हो, आलेत” म्हटलं असावंस. हो ना?

तो कुत्र्यांशी बोलायचाच. माणसांशी बोलायला त्याला जड जायचं, तुझ्याशीसुद्धा. लग्नाआधी वर्षभर तो आपल्या टिकीला सगळं सांगायचा आणि आपण दाराआडून ऐकायचो.

इकडे हाल्वार ऑगस्टमध्ये गेला. त्याच्या मुलांनी घर ठेवलंय आणि यंत्रही चालू ठेव म्हणालेत, विचारलं तर नीट कारण सांगितलं नाही. पहिला बर्फ परवा पडला. तुझ्या घराभोवती तो कोरा आहे. सकाळी तिकडे बघायची सवय जात नाही, आणि खरं सांगायचं तर कोरा बघून मला जरा ओकंबोकं वाटतं. असो. नळ मी रिकामे करून घेतलेत, फुटणार नाहीत.

आता तुझा प्रश्न. तू विचारलंयस, यंत्र असंच चालू ठेवायचं की कधीतरी बंद करायचं, कारण हे बरोबर आहे की नाही तुला कळत नाही, आणि खालची बाई एक दिवस घाबरेल. मला माहीत नाही गं. एकदा तुला न विचारता मी ठरवलं, दुसऱ्यांदा ठरवणार नाही. योर्मालाही विचारलं. तो म्हणाला, “काम तर चांगलं चाललंय ना?”

तू ठरव. फक्त बंद करणार असलीस तर वसंतापर्यंत थांब. हिवाळ्यात करू नकोस.

तुझी,
तोरबोर्ग